फाटकापाशी थांबणाऱ्या बाई

बाईंना 'काकू' म्हटलेलं खपत नसे. ग्वेल्फला त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला गेलो त्या दिवशी, दोन्ही हातांत बॅगा आणि तोंडावर नागपूरहून जपून आणलेली अदब, अशा अवस्थेत मी म्हणालो, "नमस्कार, काकू." बाईंनी मला खालपासून वरपर्यंत निरखलं. बाजारात घोडा घेताना निरखतात तसं. दात उचकटून बघायचे तेवढे राहिले.

"तुझ्या कुठल्या काकाशी माझं लगीन झालंय?"

"नाही, म्हणजे तसं नाही..."

"मग बाई म्हण. आणि दार उघडं कुणी टाकलंय?"

"मी. बॅगा होत्या ना हातात."

"मग लावायला कोण येणार, पंतप्रधान?"

मी बॅगा खाली ठेवल्या आणि दार लावलं. पुढची काही वर्षं मी कॅनडात जे काही केलं, त्यातला बराचसा भाग दार लावण्यातच गेला.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या, जनावरांच्या डॉक्टर. ग्वेल्फला शिकायला आल्या, शिकवायला राहिल्या आणि निवृत्त होऊनही कुणाला शिकवल्याशिवाय सोडेनात. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. उंची माझ्या खांद्यापर्यंत, पण आवाज असा की त्यांनी ग्वेल्फमध्ये हाक मारली तर व्हँकुव्हरच्या बंदरातली जहाजं 'ओ' देत असतील. उजवा खुबा बदललेला. विमानतळावरच्या तपासणीच्या चौकटीतून गेल्या की यंत्र किंचाळे आणि मग बाई यंत्रावर किंचाळत. घरात सोफ्याच्या हातावर खोगीर, वॉशरूममध्ये वाळत घातलेले लगाम आणि देवघरात गणपतीशेजारी घोड्याचा नाल. आरती करताना त्या नालालाही हळद-कुंकू वाहत. मी एकदा विचारलं, "बाई, याला काहून?" तर म्हणाल्या, "गणपती बुद्धी देतो. पण पाडताना कोण पाडतं?"

त्यांच्या घोडीचं नाव ठकू. काळीभोर, आणि इतकी उंच की तिच्या पाठीवरून मान वळवली तर पार शेजारच्या क्विबेक प्रांतातल्या, लव्हाल गावच्या बायकांनी आज काय वाळत घातलंय ते दिसावं. पटत नसेल त्यानं ठकूवर बसून दाखवावं, मग बोलू.

आता शिकारीचं सांगतो. त्याबद्दल भल्याभल्यांचा गैरसमज होतो. ग्वेल्फच्या बाहेर, मक्याच्या आणि गाईंच्या शेतांतून, पानं लाल झाली की दर शनिवारी घोडेस्वारांचा एक जथा निघतो. अंगात काळे कोट, गळ्याशी पांढरे पट्टे, गुडघ्यापर्यंत चकाकणारे बूट. पुढे कुत्र्यांची झुंड, आणि झुंडीच्या पुढे काहीही नाही. एक माणूस सकाळी कोल्ह्याच्या वासात भिजवलेली चिंधी दोरीला बांधून रानभर ओढत फिरतो. त्या वासामागे कुत्रे, कुत्र्यांमागे घोडे आणि घोड्यांवर माणसं, जमेल तितका वेळ.

मी हे फोनवर आईला सांगितलं.

"शनिवारी शिकार? मारुतीच्या वारी?"

"चिंधीची आहे, आई."

"चिंधी मारायले घोडा कायले लागते रे बाप्पा?"



मला या भानगडीत बाईंनीच ओढलं. मी कारखान्यात बिस्किटांच्या यंत्रांना अक्कल शिकवायचो, आणि घरी आल्यावर बेसमेंटमध्ये बुरशीसारखा वाढत होतो. एकदा बाई वरून ओरडल्या, "शनिवारी काय करतोस?"

"लाँड्री."

"लाँड्री कुठं पळून जात नाही. बूट कितीचा लागतो?"

मला जो घोडा मिळाला त्याचं नाव मफिन. रंगानं आणि आकारानंही तो तसाच. त्याच्यावर बसणं म्हणजे जुन्या सोफ्यावर बसणं, फक्त सोफा मधूनमधून गवत खायचा. बाईंनी दोन-चार आठवडे अंगणात मला गोल गोल फिरवलं, शिव्या कोल्हापुरी दिल्या आणि सूचना इंग्रजीत. कसं पडायचं ते आधी शिकवलं. कसं बसायचं ते पडता पडता शिकलो.

पण बाईंच्या लेखी घोड्यावर बसणं ही किरकोळ गोष्ट होती. खरी विद्या होती फाटकाची.

त्याचं असं आहे. ही सगळी दौड दुसऱ्यांच्या शेतांतून चालते. शेतकरी वाट देतो ते मेहेरबानी म्हणून, आणि त्याची अट एकच असते: फाटक जसं सापडलं तसं ठेवा. उघडं ठेवलं तर गाई रस्त्यावर, आणि गाई रस्त्यावर आल्या की पुढच्या शनिवारी वाट बंद. म्हणून प्रत्येक फाटकाशी एकाची पाळी. त्यानं उतरायचं, फाटक उघडून धरायचं, सगळ्यांना चालत पलीकडे जाऊ द्यायचं, मग फाटक लावायचं, साखळी अडकवायची आणि पुन्हा घोड्यावर बसायचं. एवढं होईपर्यंत पलीकडच्या बाकी सगळ्यांनी काय करायचं? घोड्यांची तोंडं फाटकाकडे वळवायची आणि थांबायचं. कुत्रे गेले तर जाऊ देत. चिंधी गेली तर जाऊ दे.

कारण घोडा हा प्राणी अंगानं राक्षस आणि मनानं बालवाडीतलं पोर. बाकीचे निघाले आणि आपण मागे राहिलो असं त्याला वाटलं की तो भोवरा होतो. एक पाय रिकिबीत आणि एक जमिनीवर असा तुम्ही त्याच्याभोवती लंगडी घालत फिरता, आणि तो तुम्हाला कुंपणावर घासून टाकतो. बाईंनी अशी मोडलेली हाडं आयुष्यभर पाहिली होती. घोड्यांची आणि माणसांचीही.

"नोबडी गोज टिल एव्हरीबडी गोज," त्या बजावत, आणि मग माझ्यासाठी खास मराठीत, "कळलं का रे, नागपूरकर?"

फाटक आलं की पुढचा स्वार मागे वर्दी देतो आणि ती तोंडातोंडी शेवटपर्यंत जाते. बाकीचे 'गेट!' म्हणत. बाईंना घाई झाली की तोंडून निघायचं, "फाटक!" त्यांच्या मागे नेहमी एक दंतवैद्यबाई असायची, गुलाबी गालांची आणि जन्मात कुणाला दुखावलं नसेल अशी. हे आपल्या शिकारीतलं काहीतरी पुरातन वचन असावं असं समजून तिनं ते उचललं. दोन शनिवारांत ओंटारियोचं ते अख्खं रान "फाटॅक! फाटॅक!" असं दुमदुमायला लागलं. तिकडे गावातल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत आमची पोरं 'आय डोन्ट वाँट टू' म्हणत बाकाला चिकटून बसलेली असत.

बाईंचं हे फाटक शनिवारी संध्याकाळी घोड्याबरोबर तबेल्यात जात नसे. ग्रोसरीच्या दुकानात त्या मागच्यासाठी दार धरत, आणि तो नुसताच आत घुसला, दार हाती घेतलं नाही, तर त्याच्यामागे फ्रोजन मटारपर्यंत चालत जात. "सर, द डोअर." माणसं परत येऊन दार धरत. मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा तर एक पोलीसही परत आला होता.

गणपतीचं तर विचारूच नका. मंडळानं हॉल घेतला होता. आरती झाली, घरोघरून आणलेल्या पदार्थांचं पॉटलक झालं, आणि पुण्या-मुंबईची सगळी सॉफ्टवेअर मंडळी उरलेल्या पुरणपोळ्या डब्यांत भरून हळूच सटकू लागली. झाडायला मागे कोण? कॉलेजात शिकणाऱ्या दोन पोरी, ज्यांना पहाटे कॉफीच्या दुकानात शिफ्टला जायचं होतं. बाई उठल्या, बाहेर गेल्या आणि त्यांनी आपली पिकअप, मागच्या घोड्याच्या ट्रेलरसकट, पार्किंगच्या तोंडावर आडवी लावली. ट्रेलरमध्ये ठकू होती. ती खिडकीतून डोकं काढून सगळ्यांकडे बघत होती.

"हॉल झाडून झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही," बाई म्हणाल्या.

"अहो काकू, उद्या आम्हाला..." एक जण म्हणाला. तो शब्द त्याला फार महागात पडला. वॉशरूम त्याच्याकडे गेली. रेशमी कुर्ते खोचून लोकांनी फरशी पुसली. एक छोटी पोरगी आईला विचारत होती, "मॉम, आर वी अंडर अरेस्ट?"

अशा बाईंच्या शिकारीला एक वर्षी नवा मास्टर आला. या जथ्याच्या प्रमुखाला मास्टर म्हणतात. तो म्हणेल तेव्हा निघायचं, तो म्हणेल तेव्हा परतायचं. जुना मास्टर म्हातारा होऊन घरी बसला आणि हा आला. कॉन्डो बांधायचा धंदा. घोडा त्याच्यासारखाच, महागडा आणि उतावळा. माणूस हसरा, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारा. पण थांबणं म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. फाटकाशी सगळे उभे राहिले की तो घड्याळ बघे, बूट रिकिबीत वाजवी. मग एका शनिवारी म्हणाला, "लावणारा लावेल आणि येईल की मागून. आपण कशाला खोळंबायचं?"

आणि खोळंबणं बंद झालं. लोकांनाही धावायला आवडतंच. पण मागे कोणी राहायचं हे ठरवताना त्या हसऱ्या माणसाचं बोट दर वेळी त्याच त्याच जागी थांबू लागलं. बाईंकडे, नाहीतर माझ्याकडे. "यू टू आर सो गुड अॅट इट," तो म्हणायचा. बाईंना खोगिरावरून वाकून, न उतरता फाटक लावता यायचं. ठकू त्यांच्यासाठी दाराच्या बिजागरीसारखी वळायची. मला मात्र उतरावं लागे.

असाच एका थंडगार सकाळी मी उतरलो. साखळी गोठलेली, बोटं गोठलेली. सगळे पार झाले, मास्टरनं हात केला आणि चाळीसेक घोडे टेकडीवरून भरधाव सुटले. मफिननं मान वर केली. त्या सोफ्यात इतकी वर्षं वादळ झोपलं होतं हे कुणाला माहीत होतं? एक पाय रिकिबीत असतानाच तो निघाला. मी त्याच्या बाजूनं चिखलातून, दगडांतून आणि एका काटेरी झुडपातून असा प्रवास केला की तेवढा प्रवास मी कॅनडात कायम राहायच्या पीआरसाठीही केला नव्हता. पाय सुटला तेव्हा मी खड्ड्यात पालथा होतो आणि मनगट नको त्या दिशेला बघत होतं.

डोकं वर काढलं तर फाटकापाशी ठकू उभी. तिचे कान टेकडीकडे टवकारलेले, अंग थरथरतंय, तोंडाला फेस, पण चारही पाय जमिनीत रोवलेले. आणि तिच्यावर बाई.

"जिवंत आहेस?"

"बहुतेक."

"मग ऊठ. साखळी लावायची राहिलीय."

एका हातानं मी साखळी लावली. मग बाईंनी आपल्या पांढऱ्या गळपट्ट्यानं माझा हात बांधला.

परतल्यावर ट्रेलरपाशी मास्टर आला. हसत होता, पण जरा कमी. माझी विचारपूस केली. बाई ठकूच्या पायाचा चिखल काढत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटलं, "तुम्ही थांबला नाहीत."

"कुत्रे लागले होते वासाला, मॅडम."

"चिंधीच्या."

तो लाल झाला. मग म्हणाला की त्याच्या डोक्यात एक छान कल्पना आहे. बाईंचं वय, बाईंचा खुबा, हे सगळं लक्षात घेता त्यांनी आता पुढे धावायची दगदग करू नये. त्यांना एक खास मान द्यायचा, 'गेट स्टुअर्ड'. कोटाला वेगळा बिल्ला. सगळ्यांच्या मागून सावकाश यायचं आणि सगळी फाटकं बाईंनी लावायची. कायमची.

आजूबाजूचे लोक घोडे ट्रेलरमध्ये चढवता चढवता ऐकत होते. दंतवैद्यबाई आपल्या बुटांकडे बघत होती.

"फाटक म्हणजे पाळी," बाई म्हणाल्या. "आज माझी, उद्या तुझी. मान कसला? मी कुणाची दरवान नाही."

"मग, मॅडम, मला नाही वाटत पुढच्या शनिवारी तुम्ही आमच्याबरोबर यावं."

बाईंनी ठकूला ट्रेलरमध्ये चढवलं आणि गाडी काढली. एरवी घरापर्यंत ज्या तोंडानं अर्ध्या ओंटारियोचा उद्धार व्हायचा, ते तोंड गप्प होतं. मला पहिल्यांदा बाईंची भीती न वाटता काळजी वाटली. डॉक्टर त्यांना दर वेळी सांगायचा, हा शेवटचा हंगाम समजा. दुसरा कुठला जथा जवळपास नव्हता. ठकूला अंगणात गोल फिरवत बसणं हे बाईंना जमलं नसतं, आणि ठकूलाही.

मी म्हटलं, "बिल्ला घेऊन टाका ना, बाई. निदान येता तरी येईल."

"मागनं यायला मी काय वरातीतला जनरेटर आहे?" बाई म्हणाल्या. मला हायसं वाटलं. आवाज जागेवर होता.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. माझा हात प्लास्टरमध्ये, तरी मफिनवर. बाईंनी न बोलावता जाण्याचा पोशाख केला होता. म्हणजे नेहमीचाच, फक्त बूट इतके घासलेले की त्यांत आभाळ दिसत होतं. त्या दिवशी निघायची जागा एका म्हाताऱ्या डेअरीवाल्याच्या आवारात होती. डच वंशाचा, ताडमाड, कमी बोलणारा. त्याच्या गाई बाईंनी पूर्वी बऱ्याच सोडवल्या होत्या, म्हणजे वासरं अडली की हात घालून.

मास्टर घोड्यावरूनच म्हणाला, "मॅडम, मला वाटतं आपलं बोलणं झालं होतं."

म्हाताऱ्यानं पाइप तोंडातून काढला. "माझ्या जमिनीवर पाहुणा कोण ते मी ठरवतो," तो म्हणाला आणि पाइप परत तोंडात ठेवला. त्या दिवसाचं त्याचं बोलणं तिथे संपलं.

जमीन म्हाताऱ्याची असली तरी जथा मास्टरचा होता. बाईंबरोबर कुणी बोलायचं, कुणी त्यांच्या शेजारून चालायचं, हे काही म्हातारा ठरवू शकत नव्हता. सगळे निघाले. आमच्या भोवती मोकळी जागा राहिली, सर्दी झालेल्या माणसाभोवती राहते तशी.

पहिलं फाटक आलं. मास्टरनं मागे बघितलं, बोट उचललं, आणि ते कुणाकडे करावं हे त्याला ठरवता येईना. बाई पुढे गेल्या. त्यांनी नेहमीसारखं वाकून फाटक उघडलं, धरलं आणि सगळ्यांना जाऊ दिलं. चाळीस घोडे त्यांच्या अंगावरून वाफा सोडत गेले. काही जणांनी 'थँक यू' म्हटलं, काहींनी तेही नाही. मी शेवटचा.

आणि मग बाई घोडीवरून उतरल्या.

मला वाटलं, माझे डोळे दगा देतायत. बाई कधी उतरत नसत. त्या खुब्याला उतरणं सोपं होतं, पण परत चढणं म्हणजे डोंगर. त्यासाठी घोडी दगडासारखी उभी लागे, आणि घोडी तशी उभी राहायची तर समोर बाकीचे घोडे उभे हवेत. मास्टरनं हात केला आणि जथा सुटला तर ठकू, कितीही गुणाची झाली तरी, एक पाय वर उचललेल्या बाईंना घेऊन फिरली असती. मागच्या शनिवारी माझं मनगट गेलं होतं. बाईंचं काय गेलं असतं ते मला माहीत होतं, आणि बाई तर डॉक्टरच होत्या.

"बाई, काहून उतरल्या? चढा लवकर!"

"तू तोंड फाटकाकडे कर आणि गप्प उभा राहा."

लांब कुठेतरी कुत्रे एकदम ओरडले. वास लागला. मास्टरनं हात वर केला. "कम ऑन!" आणि त्याचा घोडा सुटला.

घोड्यांचा तो पुंजका हलला. लगाम खेचले गेले, टापा आपटल्या, दोघे-तिघे चार पावलं पुढे गेले. बाई पाठमोऱ्या साखळीशी वाकलेल्या. त्यांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात मधूनच कुणीतरी ओरडलं, "फाटॅक!"

दंतवैद्यबाई. तिनं आपला घोडा वळवला होता. तिचे गाल आता गुलाबी नव्हते, टोमॅटोसारखे लाल होते. तिच्या शेजारच्यानं वळवला. त्याच्या शेजारच्यानं वळवला. पुढे गेलेले दोघे-तिघे मान खाली घालून परत आले. बघता बघता चाळीस घोड्यांची तोंडं फाटकाकडे झाली, आणि ते सगळे तिथे उभे राहिले. नाकातून धूर, तोंडात लगाम चावल्याचा आवाज, आणि माणसांचा एक शब्द नाही. कुत्रे भुंकत लांब गेले, आणखी लांब गेले, मग ऐकूच येईनासे झाले. मी शपथेवर सांगतो, त्या शांततेत मला ग्वेल्फमधल्या आमच्या कारखान्यात बिस्किटं भाजल्याचा आवाज आला.

बाईंनी साखळी लावली. मग ती बरोबर लागली नाही असं वाटून काढली आणि परत लावली. हातमोजे काढले, घडी केली, खिशात ठेवले. खोगिराचा पट्टा तपासला. ठकूच्या मानेवरून हात फिरवला. मग फाटकाच्या खालच्या आडव्या दांडीवर डावा पाय ठेवला, दुसऱ्या दांडीवर उजवा, आणि तो धातूचा खुबा घेऊन, माझ्यानं ऐकवेना असं कण्हत, हळूहळू घोडीच्या पाठीवर आल्या. ठकूचा कानसुद्धा हलला नाही.

मास्टर परत आला होता. जथा नसलेला मास्टर म्हणजे घोड्यावर बसलेला एक माणूस, बाकी काही नाही, हे त्याला टेकडीपर्यंत जाऊन कळलं असावं. तो सगळ्यांच्या शेवटी, तोंड फाटकाकडे करून उभा होता.

बाई त्याच्या शेजारून गेल्या. "पुढचं तुमचं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या फाटकाशी तो उतरला. मागे चाळीस घोडे छाती काढून उभे होते हे एक कारण असेल. आम्ही सगळे पार झालो, तोंडं वळवली आणि उभे राहिलो. त्याला ती साखळी लावता येईना. कडी कुठे अडकते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. एकदा लावली, फाटक उघडलं. पुन्हा लावली, पुन्हा उघडलं. त्याचा महागडा घोडा आमच्याकडे बघून शांत उभा राहिला होता. त्याला कुठे जायचं नव्हतं, कारण कुणीच कुठे जात नव्हतं.

मास्टरनं घाम पुसत आमच्याकडे बघितलं. बाई ठकूवर ताठ बसल्या होत्या. पंगतीत पाहुण्याच्या ताटासमोर उभी राहून घरची कर्ती बाई म्हणते ना, अगदी त्या सुरात, चक्क मराठीत त्या म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."